यादी आणि शपथपत्र : कैराना येथील स्थलांतराच्या दोन संहिता

१

उत्तर प्रदेशातील कैराना या कसब्याच्या अलीकडच्या इतिहासातील दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत, एवढाच या लेखाचा मर्यादित हेतू आहे. पहिला कागद म्हणजे एक शपथपत्र. २०१३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुजफ्फरनगर आणि शामली या जिल्ह्यांत झालेल्या दंगलींनंतर गाव सोडून आलेल्या मुसलमान कुटुंबांना साहाय्य देताना राज्य शासनाने ते लिहून घेतले. दुसरा कागद म्हणजे एक यादी. जून २०१६ मध्ये कैरानाचे तत्कालीन खासदार हुकुम सिंह यांनी ती प्रसृत केली आणि तिच्यात कैराना सोडून गेलेल्या ३४६ हिंदू कुटुंबांची नोंद होती. पहिल्या कागदात गाव सोडणारे मुसलमान आहेत, दुसऱ्यात हिंदू. पहिल्यात गाव सोडणारा, निदान व्याकरणाच्या दृष्टीने, स्वतः बोलतो. दुसऱ्यात त्याच्याविषयी बोलले जाते. सार्वजनिक वादात हे दोन कागद परस्परविरोधी साक्षी म्हणून वापरले गेले. ज्याला एक खरा वाटला त्याने दुसरा खोटा ठरविला.

असे कागद वाचणे हे वाङ्मयसमीक्षेचे काम आहे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. हेडन व्हाइट यांचा ‘मेटाहिस्टरी’ हा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाल्यापासून ऐतिहासिक कथनाच्या घडणीचा विचार समीक्षेच्या कक्षेत आला आहेच. परंतु या विशिष्ट विषयात अधिक उपयोगी पडते ते पॉल ब्रास यांचे प्रतिपादन. उत्तर प्रदेशातील दंगलींचा अनेक दशके अभ्यास करून ब्रास यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, दंगलीच्या निर्मितीचे तीन टप्पे असतात : तालीम, प्रयोग आणि अर्थनिर्णयन. हा तिसरा टप्पा दंगलीनंतरचा नसून दंगलीचाच भाग असतो, हे त्यांच्या म्हणण्यातील मर्म. घडलेल्या गोष्टीला कोणते नाव द्यावयाचे, यावर जो झगडा चालतो तोच पुढील तालमीची सामग्री पुरवितो. नाव देणे, वर्गवारी करणे, कारण जोडणे या क्रिया भाषेत घडतात. त्यांची चिकित्सा आपण करावयाची नाही तर कोणी करावयाची?

२

प्रथम स्थळाविषयी. कैराना हे आज शामली जिल्ह्यात आहे. २०११ पर्यंत ते मुजफ्फरनगर जिल्ह्यात होते. २०११ च्या जनगणनेनुसार नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ८९ हजार, त्यात मुसलमान सुमारे ८१ टक्के आणि हिंदू १८ टक्क्यांच्या आसपास. गावापासून जवळच यमुना वाहते आणि पलीकडे हरियाणातील पानिपत आहे. मराठी वाचकाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते, त्र्यंबक शंकर शेजवलकर आठवतात आणि तेथेच स्मरण थांबते. कैरानाच्या दृष्टीने पानिपतचे महत्त्व निराळे आहे. कैरानातले मजूर, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, पानिपतच्या हातमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत कामाला जातात. पोटासाठी नदी ओलांडणे ही येथली रोजची गोष्ट होय.

या नदीने १९४७ साली एक फार मोठा भेद निर्माण केला. यमुनेच्या पश्चिमेला पंजाब प्रांत होता, पूर्वेला संयुक्त प्रांत. पंजाबात लोकसंख्येची जवळजवळ संपूर्ण अदलाबदल झाली. संयुक्त प्रांतात तशी झाली नाही. फाळणीपूर्वी मुस्लिमबहुल असलेले, कवी हालींचे गाव म्हणून ओळखले जाणारे पानिपत काही महिन्यांत मुसलमानांविना उरले आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी भरले. गांधीजी १९४७ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा डिसेंबरात पानिपतला गेले. तेथील मुसलमानांनी जाऊ नये, असा त्यांचा प्रयत्न होता. लोक स्वेच्छेने जात आहेत की भयाने, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि त्या वेळीही त्याचे सरळ उत्तर मिळाले नाही. ज्याच्या शेजारच्या घरात निर्वासित कुटुंब उतरले आहे आणि ज्याचे नातलग आधीच निघून गेले आहेत, तो ‘मी माझ्या इच्छेने जातो’ असे म्हणतो तेव्हा त्या ‘इच्छे’चे वजन कसे करावयाचे? नदीच्या अलीकडचे कैराना मात्र मिश्र वस्तीचे राहिले. दोन्ही गावांचे अंतर लक्षात घेतले तर ही गोष्ट प्रशासकीय सीमारेषेच्या योगायोगाने घडली असेच म्हणावे लागते.

कैरानाचा जुना लौकिकही येथे विसरून चालणार नाही. जहांगीराचा वैद्य आणि सरदार मुकर्रब खान येथला. त्याच्या बागेला बादशहाने भेट दिली आणि आपल्या आत्मकथनात तिची नोंद केली. १८५४ साली आग्रा येथे पाद्री फांडर यांच्याशी झालेल्या वादसभेने गाजलेले मौलाना रहमतुल्ला कैरानवी येथलेच. १८५७ नंतर इंग्रजांच्या रोषामुळे त्यांना देश सोडावा लागला, मालमत्ता लिलावात गेली आणि उरलेले आयुष्य मक्केत गेले. आणि आपल्या जवळचे नाव म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ. १८७२ साली कैराना येथे जन्मलेला हा गायक वडोद्याच्या दरबारात आला, पुण्यात त्याने आर्य संगीत विद्यालय चालविले, मिरजेत घर केले आणि १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर देह ठेवल्यावर मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरातच त्याची कबर झाली. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर यांच्यामुळे ‘किराणा’ हे नाव मराठी घरांत पोचले. इतके की, ते एका गावाचे नाव आहे हे आपण विसरून गेलो. पदव्युत्तर वर्गात ‘किराणा’ हा शब्द उच्चारला की निम्म्या विद्यार्थ्यांना वाण्याचे दुकान आठवते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

कैरानाची जी माणसे जगाला ठाऊक झाली त्यांतली कित्येक कैराना सोडून गेलेली आहेत. कोणी दरबाराच्या आश्रयासाठी गेले, कोणी राजसत्तेच्या भयाने, तर कोणी फाळणीनंतर. खाँसाहेबांच्या शिष्या रोशन आरा बेगम १९४८ साली पाकिस्तानात गेल्या. त्यांच्या जाण्याला आपण पलायन म्हणत नाही. का म्हणत नाही, हा प्रश्न पुढे येणारच आहे. (मिरजेने खाँसाहेबांना घर दिले, या आठवणीने फार सुखावण्याचेही कारण नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवातील अफजलखानवधाच्या देखाव्याच्या कमानीवरून त्याच मिरजेत दंगल उसळली आणि ती सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पसरली.)

३

आता शब्दाविषयी. २०१६ च्या वादाचा सारा भार ‘पलायन’ या एका शब्दावर होता. ‘परा’ आणि ‘अयन’ यांपासून, र-काराचा ल-कार होऊन, हा शब्द सिद्ध होतो. दूर जाणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र त्याला भित्रेपणाची छटा चिकटली आहे. रणातून पलायन, जबाबदारीपासून पलायन, आणि आपल्या समीक्षेत तर ‘पलायनवाद’ ही वास्तवाकडे पाठ फिरविणाऱ्या साहित्याला लावावयाची शिवीच होऊन बसली. हिंदीत तसे नाही. बिहारमधून पंजाबात शेतमजुरीला जाणाऱ्यांसाठी, गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांतून मैदानात उतरणाऱ्यांसाठी हिंदी वृत्तपत्रे पलायन हाच शब्द वापरतात. २०१७ साली उत्तराखंड शासनाने स्थापन केलेल्या आयोगाच्या नावातच ‘पलायन’ आहे आणि तेथे त्याचा अर्थ केवळ ओस पडणारी खेडी व शहरात जाणारी माणसे असा आहे. कोणी कोणाला हाकलून दिले असे त्यात अभिप्रेत नाही.

अशा रीतीने हिंदीत या शब्दाचे दोन अर्थ नांदत होते : रोजगारासाठी जाणे आणि जीव वाचविण्यासाठी पळणे. ‘पलायन’च्या मागे ‘हिंदू’ हे विशेषण लागताक्षणी पहिला अर्थ मिटतो आणि दुसराच उरतो. तरीही पहिल्या अर्थाने गेलेल्या माणसांची गणना दुसऱ्या अर्थाच्या खात्यावर जमा होतच राहते. इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘एक्सोडस’ हा शब्द योजला आणि त्याबरोबर बायबलमधील एक संपूर्ण कथानक आत आले. मराठी बायबलने त्यासाठी ‘निर्गम’ असा शांत शब्द योजला आहे. पण मराठी वृत्तपत्रांनी २०१६ साली तो शब्द घेतला नाही, हिंदीतला ‘पलायन’च जसाच्या तसा उचलला. लगोलग कैरानाला ‘दुसरे काश्मीर’ म्हटले जाऊ लागले. १९९० च्या काश्मीरचे दुःख अशा रीतीने एक उपमान झाले आणि उपमान झालेल्या दुःखाचे तपशील हळूहळू झिजतात, हा काश्मिरी पंडितांवरचाही एक अन्यायच होय.

मराठीला या संदर्भात एक जुना शब्द ठाऊक आहे : परागंदा. मूळ फारसी, अर्थ विखुरलेला. सतराव्या-अठराव्या शतकांच्या मराठी कागदपत्रांत रयत परागंदा झाल्याच्या नोंदी विपुल आढळतात. स्वारी, दुष्काळ, वसुलीचा जाच, देशमुख-पाटलांचे तंटे अशी अनेक कारणे एकाच नोंदीत सुखाने नांदतात. कारकून एक कारण निवडावयाच्या भरीला पडत नाही. अशा वेळी राज्यकर्ता जो कागद देई त्याचे नाव कौलनामा. परत या, जमीन लावा, पहिली काही वर्षे सारा कमी घेऊ आणि मग चढत्या इस्ताव्याने वाढवू, असा त्याचा आशय. त्यामागे भूतदया होती असे समजू नये. ओस गाव वसूल देत नाही, एवढा रोकडा हिशेब होता. तथापि परागंदा होण्याला परतण्याची शक्यता जोडलेली होती आणि ती शक्यता लेखी देणे हे राज्याचे कर्तव्य मानले जात होते, हे लक्षात ठेवून पहिल्या कागदाकडे वळू.

४

२७ ऑगस्ट २०१३ रोजी कवाल या गावी तीन तरुणांच्या हत्या झाल्या. ७ सप्टेंबरला नगला मंदौर येथे महापंचायत झाली आणि त्यानंतरच्या काही दिवसांत साठांहून अधिक माणसे मारली गेली. मृतांत दोन्ही समाजांचे लोक होते, मुसलमानांची संख्या अधिक होती. पन्नास हजारांहून अधिक लोक गावे सोडून बाहेर पडले, ते बहुतांशी मुसलमान होते. त्यांतील अनेक जाटांच्या शेतांवर राबणारे किंवा लोहारकी, न्हावीकाम, विणकाम करणारे. छावण्या उभ्या राहिल्या त्या कैराना, कांधला, शाहपूर यांसारख्या मुस्लिमबहुल ठिकाणी आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत. २६ मार्च २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रारंभीच्या टप्प्यात राज्य शासनाचा निष्काळजीपणा प्रथमदर्शनी दिसतो, असे नमूद केले.

राज्य शासनाने सर्वाधिक हिंसा झालेली नऊ गावे निवडली. तेथील सुमारे १८०० कुटुंबांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचे ठरले. त्यासाठी कुटुंबप्रमुखाने शपथपत्र द्यावयाचे होते. त्याचा आशय असा : गावातील हिंसक घटनांनी भयभीत होऊन आम्ही गाव व घर सोडले आहे, आता कोणत्याही परिस्थितीत मूळ गावी परतणार नाही, मिळालेल्या रकमेतून अन्यत्र घर करू, गावातील स्थावर मालमत्तेच्या हानीबद्दल वेगळी मागणी करणार नाही.

वाचकाने या संहितेच्या रचनेकडे पाहावे. पहिले विधान भूतकाळाचे असून ते साक्षीचे आहे : मी भ्यालो आणि निघालो. पीडिताला बोलावयास मिळालेले हे कदाचित पहिले शासकीय वाक्य. दुसरे विधान भविष्यकाळाचे आहे आणि ते वचन आहे. साक्षीचा आधार घेऊन वचन वदवून घेतले जाते. भय वाटले ना, मग परतणार नाही असे लिहा. भयाची कबुली आणि परतण्याचा त्याग ही एकाच वाक्यरचनेची पूर्वपदे-उत्तरपदे होतात. प्रथमपुरुषी निवेदनाला आपण सहसा निवेदकाच्या स्वातंत्र्याचे चिन्ह मानतो. येथे ‘मी’ हा शासनाच्या लेखनिकाने तयार ठेवलेला साचा आहे आणि त्यात नाव तेवढे भरावयाचे आहे. कौलनाम्यात राज्य बोलत होते आणि रयतेने परत यावे म्हणून काही सोडून देत होते. शपथपत्रात रयत बोलते आणि परत न येण्याबद्दल राज्य तिला पैसे देते. तीन-चार शतकांत कागदाची दिशा उलटी झाली.

या कागदात आणखी दोन वगळ आहेत. ‘कुटुंब’ म्हणजे काय, हा पहिला प्रश्न. एका चुलीचे ते एक कुटुंब असा हिशेब धरल्याने लग्न झालेले तीन-चार भाऊ एकाच रकमेत बसविले गेले आणि छावण्यांत त्यावरून भांडणे झाली. दुसरी वगळ अधिक गंभीर. नऊ गावांबाहेरच्या अनेक खेड्यांतून लोक केवळ भयाने निघाले होते. त्यांच्या गावी कोणी मारले गेले नव्हते, म्हणून त्यांचे भय शासनाच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. रक्त सांडल्याखेरीज भय मान्य नाही, हे या कागदाचे प्रमाणशास्त्र. पुढच्या कागदाचे प्रमाणशास्त्र नेमके याच्या उलट आहे.

५

दुसऱ्या कागदाचा पाया खोटा होता, असे म्हणणे सोपे आहे आणि ते अनेकांनी म्हटले. प्रस्तुत लेखकाला ते पुरेसे वाटत नाही. कैरानात खंडणीखोरी होती. मुकीम काला या गुंडाच्या टोळीची त्या भागात दहशत होती. २०१४ च्या ऑगस्टमध्ये कैरानात तीन हिंदू व्यापाऱ्यांचे खून झाले आणि ते खंडणी न दिल्यामुळे झाले, असे गावात सांगितले गेले. त्यानंतर काही व्यापारी कुटुंबे खरोखरच गाव सोडून गेली. दुकानाची गादी, उधारीची वही, पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइके हे सगळे टाकून माणूस जातो तेव्हा त्याचे भय ही कल्पित गोष्ट नसते. त्याच टोळीच्या गुन्ह्यांत मुसलमानही बळी पडले होते, हेही तितकेच खरे. काला २०१५ मध्ये पकडला गेला आणि २०२१ साली चित्रकूटच्या तुरुंगात मारला गेला.

यादी प्रसिद्ध होताच वार्ताहर आणि जिल्हा प्रशासन नावे पडताळू लागले. त्यांना काय आढळले? काही जण नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, धंद्याच्या वाढीसाठी गेलेले. काही दहा वर्षांपूर्वीच गेलेले. काही मरण पावलेले. काही तर गावातच राहत असलेले. आणि काही खरोखर धमक्यांमुळे गेलेले. पाच प्रकारची माणसे एका रकान्यात होती.

यादी या आकृतिबंधाविषयी जॅक गुडी यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात मूलगामी विवेचन केले आहे. यादीतला शब्द वाक्यातून सुटलेला असतो. त्याला क्रियापद नसते, काळ नसतो, संबंध नसतो; असतो तो केवळ क्रम, आरंभ आणि शेवट. बोलीत असे काही नसते, ही लेखनाची निर्मिती आहे. व्हाइट यांनी १९८० च्या एका निबंधात सेंट गॉलच्या मध्ययुगीन वार्षिक नोंदींचा विचार करताना दाखविले की, अशा नोंदींत घटना असतात पण कथा नसते; कारण त्यांना अर्थ देणारे केंद्र नसते. कैरानाच्या यादीला ते केंद्र मथळ्याने पुरविले. मथळ्यात ‘हिंदू’ होते, ‘पलायन’ होते. या दोन शब्दांनी खालच्या सर्व नावांना एकच क्रियापद, एकच काळ आणि एकच कर्ता बहाल केला. २००४ मध्ये देहरादूनला बदली झालेला कारकून आणि २०१४ मध्ये चिठ्ठी आल्यावर रातोरात निघालेला वाणी (ही दोन्ही उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेली) एकाच वाक्याचे कर्म झाले.

मथळ्याचे हे सामर्थ्य यादीच्या कर्त्यालाही जाणवले असावे. काही दिवसांतच हुकुम सिंह यांनी सांगितले की, हा हिंदू-मुसलमानांचा प्रश्न नसून कायदा आणि सुव्यवस्थेचा आहे. ‘हिंदू’ हा शब्द आपल्या सहकाऱ्यांकडून चुकून पडला. विशेषण मागे घेतले गेले, यादी तशीच राहिली. पण एकदा कथानकात बांधली गेलेली नावे मथळा काढून घेतल्याने पुन्हा सुटी होत नाहीत. पुढे कांधल्याचीही एक यादी आली. कैरानाच्या राजकारणात दीर्घकाळ परस्परांविरुद्ध उभी राहिलेली हुकुम सिंह यांचे आणि हसन यांचे अशी दोन घराणी गुर्जरांच्या एकाच कलस्यान खापेतील; एक हिंदू, दुसरे मुसलमान. ज्या यादीत धर्म हा एकच रकाना आहे तिच्यात हे बसत नाही.

हे सारे वर्गात मांडले असता एका विद्यार्थिनीने विचारले की, ‘‘ते भिऊन गेले की नाही, एवढे सांगा.’’ प्रश्न रास्त होता. कथनमीमांसेच्या आडोशाला उभे राहून तो टाळता येत नाही. काही भिऊन गेले, आणि नेमके किती हे या यादीवरून कधीही कळणार नाही. यादीने सर्वाधिक अन्याय केला तो या भिऊन गेलेल्यांवर. त्यांच्यामागे मृतांची आणि बदलीवर गेलेल्यांची नावे उभी केल्याने यादी खोटी ठरविणे सोपे झाले आणि यादीबरोबर त्यांची साक्षही खोटी ठरली.

जाण्याचे कारण एक नसते, हे कादंबरीला नेहमीच ठाऊक होते. राही मासूम रझा यांच्या ‘आधा गाँव’मध्ये (१९६६) गाझीपूरजवळच्या गंगौलीतले शिया जमीनदार उखडले जातात ते पाकिस्तानच्या हाकेने की जमीनदारीच्या उच्चाटनाने, हे वेगळे काढता येत नाही, कादंबरी ते काढू देत नाही. मराठीत हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’ने (१९६५) कोकणातील एका गावातला हिंदू-मुस्लिम ताण निवेदकाच्या तुटलेपणातून मांडला. तेथेही कुळकायदा, जातींचे मानपान, जुनी वैरे आणि धर्म यांचा गुंता आहे. या दोन कादंबऱ्यांची तुलना आपल्याकडे फारशी झालेली नाही, ती व्हावयास हवी. प्रस्तुत संदर्भात सांगावयाचे ते एवढेच की, ज्याला शेकडो पृष्ठांचा अवकाश लागतो त्याला यादीत एक ओळ मिळते.

६

दोन्ही कागदांची गाठ पडली ती २०१६ च्या सप्टेंबरात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे यादीबाबत तक्रार गेली होती. आयोगाच्या चौकशी पथकाने आपल्या अहवालात असे नोंदविले की, २०१३ च्या दंगलींनंतर २५ ते ३० हजार मुसलमान कैरानात स्थायिक झाले, त्यामुळे लोकसंख्येचे प्रमाण पालटले आणि गुन्हेगारी वाढून कायदा व सुव्यवस्था बिघडली, अशी साक्षीदारांची भावना आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाने नंतर या निष्कर्षाला हरकत घेतली. आकड्याविषयी एक शंका तर कोणालाही सुचावी. ८९ हजारांच्या कसब्यात तीस हजार माणसे येऊन राहिली तर दर तिसऱ्या-चौथ्या माणसाला तो नवागत आहे हे दिसले असते. हर्ष मंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘लिव्हिंग अपार्ट’ (२०१६) या पाहणीत मुजफ्फरनगर आणि शामली या दोन्ही जिल्ह्यांतील मिळून ६५ पुनर्वसन-वसाहतींची मोजणी आहे आणि त्या सर्वांची एकत्रित लोकसंख्या सुमारे २९ हजार भरते. दोन जिल्ह्यांचा आकडा एका कसब्याच्या माथी आला.

आकड्याहून महत्त्वाची गोष्ट कथनाची आहे. शपथपत्रात जो पीडित होता तो या अहवालात कारण झाला. त्याने ‘परतणार नाही’ असे लिहून दिले होते, म्हणून तो कैरानाच्या आसपास राहिला. तो राहिला म्हणून प्रमाण पालटले. प्रमाण पालटले म्हणून दुसरे निघाले. असे हे कार्यकारण. या साखळीतून राज्यसंस्था अलगद बाहेर पडते. परतण्याची वाट पैसे देऊन बंद करणारा हात आणि खंडणीखोरांना वर्षानुवर्षे मोकळे ठेवणारा हात एकाच शासनाचा होता, हे दोन्ही कागद वेगवेगळे वाचले तर दिसत नाही. एकामागून एक वाचले की दिसते. हिंदू व्यापारी ज्याला भ्याला तो गुंड होता. विस्थापित मुसलमान ज्याला भ्याला तो जमाव होता. दोघांनाही जे मिळावयास हवे होते ते एकच, म्हणजे पोलीस ठाण्याचा भरवसा. दोन्ही कागदांनी मिळून त्या मागणीचे रूपांतर दोन समाजांच्या परस्परांविरुद्धच्या फिर्यादीत केले.

पुढचा इतिहास निवडणुकांचा असून तो येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. हुकुम सिंह फेब्रुवारी २०१८ मध्ये वारले. त्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्येचा तबस्सुम हसन यांनी पराभव केला. तेव्हा प्रचारात पलायनापेक्षा उसाची थकीत बिले अधिक बोलली. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी पलायनाचा विषय पुन्हा पुढे आणला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी कैरानाला येऊन, गाव सोडून गेलेल्या आणि आता परतलेल्या हिंदू कुटुंबांची भेट घेतली. त्यांतल्या काहींनी पुन्हा दुकाने उघडली होती. परतणारा माणूस ही कोणत्याही पलायनकथेतली सर्वांत आश्वासक व्यक्तिरेखा होय आणि एका राज्यकर्त्याने त्याच्या घरी जावे, यात जुन्या कौलनाम्याची दूरची आठवण आहे. लिसाढ, लांक, फुगाना, कुटबा येथून निघालेली कुटुंबे त्या वेळी त्याच जिल्ह्यांतल्या वसाहतींत राहत होती. कित्येकांची मूळ गावे तेथून काही कोसांवर होती, आणि न परतण्याच्या त्यांच्या शपथा सरकारी दप्तरात सही-अंगठ्यानिशी तशाच होत्या.